एक्सपीएसचा डेटा हाती आल्यावर: कच्च्या फाइलपासून आलेखापर्यंतचा क्रम

पातळ थरांवर किंवा पावडरींवर काम करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत एक्सपीएस (क्ष-किरण टाकून पृष्ठभागातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजणारं यंत्र; त्यावरून मूलद्रव्यं आणि त्यांची रासायनिक अवस्था कळते) नसतं. सॅम्पल डबीत घालून दुसऱ्या संस्थेत पाठवायचं, महिनाभर वाट पाहायची आणि एके दिवशी ईमेलला जोडलेली एक्सेल फाइल उघडायची, असा प्रकार. त्यात दोन रकाने असतात, ऊर्जा आणि काउंट (त्या ऊर्जेला मोजलेल्या इलेक्ट्रॉनची संख्या). गाइड म्हणतात, ‘फिट करून आण,’ म्हणजे मोजलेला आलेख ठरावीक आकाराच्या पीकांच्या (शिखरांच्या) बेरजेशी जुळवून आण. आणि विद्यार्थी खरोखर फिटिंगपासून सुरुवात करतो. आधी कळस, मग पाया.

फिटिंग हे या कामातलं सहावं पाऊल आहे. चुका बहुतेक पहिल्या पाचांत होतात, आणि सॉफ्टवेअर त्या कधीच दाखवत नाही. चुकीच्या डेटावरसुद्धा ते सुरेख गुळगुळीत वक्र काढून देतं. खालचा क्रम मी टायटॅनियम डायऑक्साइडच्या थराचं उदाहरण धरून लिहिला आहे, कारण हा पदार्थ बऱ्याच जणांच्या टेबलावर असतो आणि त्याचे आकडे पक्के आहेत. वाटेत तांबंही येईल.

## तयारी: सॅम्पल पाठवतानाच काय मागायचं

डेटा आल्यावर मागितलेली माहिती सहसा मिळत नाही. म्हणून फॉर्म भरतानाच पुढच्या गोष्टी लिहून द्या:

- क्ष-किरण स्रोत कोणता: अॅल्युमिनियम (१४८६.६ ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रॉनव्होल्ट) की मॅग्नेशियम (१२५३.६ ईव्ही), आणि मोनोक्रोमेटर (एकाच ऊर्जेचे क्ष-किरण निवडणारा भाग) आहे की नाही.
- सर्व्हेची (सगळ्या ऊर्जांचा एकच लांब स्कॅन) आणि नॅरो स्कॅनची (एकेका रेषेचा जवळून) पास एनर्जी, म्हणजे ऊर्जा मोजणारा विश्लेषक इलेक्ट्रॉनना ज्या ऊर्जेवर आणून आत सोडतो ती. वेगवेगळी लिहून द्या म्हणावं.
- स्टेप, प्रत्येक बिंदूवरचा वेळ आणि स्कॅनची संख्या.
- फ्लड गन (सॅम्पलवरचा प्रभार घालवायला कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडणारी) चालू होती का.
- मूळ फाइल. एक्सेल चालेल, पण सोबत व्हॅमास (अशा डेटाचा प्रमाण साचा) फाइलही द्या म्हणावं. त्यात वरची बरीचशी माहिती आपोआप येते.
- यंत्राचं ऊर्जामापन शेवटचं कधी तपासलं. सोन्याची ४एफ ७/२ रेषा (४एफ म्हणजे इलेक्ट्रॉन ज्या कक्षेतून निघाला ती, ७/२ म्हणजे तिच्या दोन रेषांपैकी कोणती) ८३.९६, चांदीची ३डी ५/२ रेषा ३६८.२ आणि तांब्याची २पी ३/२ रेषा ९३२.६ ईव्हीच्या आसपास यायला हवी.

आणि प्रत्येक सॅम्पलवर कार्बन १एस मोजायला सांगा. ‘आमच्या सॅम्पलमध्ये कार्बन नाही’ असं म्हणून तो स्कॅन वाचवणारे लोक आहेत. हवेत राहिलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर कार्बन असतो, आणि पुढे त्याचीच गरज पडते.

सावध: सॅम्पल पाठवण्याआधी त्यावर बोट लावू नका, आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. ही पद्धत वरचे जेमतेम दहा नॅनोमीटर बघते. बोटाचा तेलकटपणा किंवा पिशवीवरचं सिलिकोन तेवढ्याला पुरून उरतं. मग सिलिकॉन २पी १०२ ईव्हीला उगवतो आणि तो काचेतून आला की पिशवीतून, यावर आठवडा जातो.

## टप्पा १: फाइल उघडा, पण हात लावू नका

मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ती फक्त वाचण्यापुरती करून टाका. काम प्रतीवरच करायचं.

मग रकाने नीट वाचा. पहिल्या रकान्यात बंध ऊर्जा (इलेक्ट्रॉन अणूला जितक्या ऊर्जेने बांधलेला होता ती) आहे की गतिज ऊर्जा (बाहेर पडल्यावरची)? शीर्षक नसेल तर आकडे सांगतात. अॅल्युमिनियम स्रोत असताना टायटॅनियमची रेषा १०२८ च्या जवळ दिसत असेल तर ती गतिज ऊर्जा आहे, १४८६.६ मधून वजा केली की ४५८.६ मिळते. विश्लेषकाचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉनला पृष्ठभागातून बाहेर पडायला लागणारी ऊर्जा) यंत्राच्या मापनात आधीच धरलेलं असतं, ते पुन्हा वजा करू नका.

दुसऱ्या रकान्यात काउंट आहेत की काउंट प्रति सेकंद? हा प्रश्न फालतू वाटतो, पण नाही. मोजलेल्या काउंटमधला गोंगाट त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो: १०,००० काउंटवर १००, म्हणजे १ टक्का, ४०० काउंटवर २०, म्हणजे ५ टक्के. हे गणित खऱ्या काउंटलाच लागू पडतं. कुणीतरी आधीच वेळेने आणि स्कॅनच्या संख्येने भागून ठेवलेलं असेल, तर सॉफ्टवेअर गोंगाटाचा अंदाज चुकीचा बांधतं आणि फिट चांगला की वाईट हे सांगणारा आकडा निरर्थक होतो.

सावध: स्मूदिंग करू नका. आलेखासाठीही नको, फिटिंगआधी तर मुळीच नको. स्मूद केलेल्या डेटात शेजारचे बिंदू एकमेकांत मिसळलेले असतात. खांदा (मोठ्या पीकच्या कडेचा छोटा उंचवटा) असेल तर तो पुसला जातो, नसेल तर नवा तयार होतो. डेटा फार खडबडीत असेल तर उपाय एकच, जास्त स्कॅन.

## टप्पा २: सर्व्हे स्कॅनमधल्या प्रत्येक पीकला नाव द्या

सर्व्हे म्हणजे पेपरातली पहिली शोभेची आकृती, असा समज आहे. खरं तर पुढचं सगळं इथे ठरतं. एकही पीक बेवारस ठेवायचं नाही.

काचेवरच्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरात काय दिसावं: टायटॅनियम २पी ४५९ च्या आसपास, ऑक्सिजन १एस ५३० ला, कार्बन १एस २८५ ला, टायटॅनियम २एस ५६५ च्या जवळ, आणि खाली ३पी ३७ च्या सुमारास. यांच्या जोडीला ऑजे रेषा असतात, म्हणजे अणूत मागे राहिलेली पोकळी भरताना बाहेर फेकल्या जाणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनच्या. ऑक्सिजनची ९७५ च्या आसपास, कार्बनची १२२५ च्या. ऑजे रेषेची गतिज ऊर्जा ठरलेली असल्यामुळे स्रोत बदलला की बंध ऊर्जेच्या अक्षावर ती २३३ ईव्हीने सरकते, फोटोइलेक्ट्रॉनची रेषा जागची हलत नाही. शंका आली की ही कसोटी कामी येते.

यापलीकडे जे दिसेल त्याचा जाब विचारा. सोडियम १०७२ ला आणि सिलिकॉन १०३ ला दिसला, तर थर तुटक आहे, किंवा फार पातळ आहे, किंवा तापवताना काचेतलं सोडियम वर आलं आहे. सिलिकॉन दिसत असेल तर तुमच्या ऑक्सिजन १एसमध्ये काचेचाही ऑक्सिजन आहे, हे आत्ताच वहीत लिहा. सातव्या टप्प्यात लागेल.

एकमेकांवर येणाऱ्या रेषा हा इथला मोठा सापळा. रुथेनियमची ३डी कार्बन १एसवर बसते. मॉलिब्डेनमची ३पी नायट्रोजन १एसवर. अँटिमनीची ३डी ५/२ थेट ऑक्सिजन १एसवर. सोडियमची एक ऑजे रेषा अॅल्युमिनियम स्रोताने ५३६ च्या आसपास येते आणि ऑक्सिजनच्या शेपटीत घुसते. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये तांबं मिसळणाऱ्यांसाठी खास: तांब्याची ऑजे रेषा ५६८–५७० ला येते आणि टायटॅनियम २एस ५६५ ला. तांबं थोडं असेल तर ती रेषा दिसतच नाही. अशा वेळी मॅग्नेशियम स्रोत मागा, रेषा ३३५ च्या आसपास मोकळ्यावर येते.

तपासा: एखादं मूलद्रव्य आहे असं म्हणायचं तर त्याची किमान दोन रेषांची साक्ष हवी. एकाच रेषेवर, तीही गोंगाटातल्या, नाव लिहू नका. २,००० काउंटच्या बॅकग्राउंडवर (पीकखालच्या पायावर) ६० काउंटचा उंचवटा दिसला तर लक्षात घ्या, तिथला गोंगाटच ४५ आहे.

## टप्पा ३: ऊर्जेचा अक्ष सरकवणं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून.

विद्युतवाहक नसलेल्या सॅम्पलमधून इलेक्ट्रॉन निघून गेले की मागे धन प्रभार उरतो आणि सगळ्या रेषा जास्त बंध ऊर्जेकडे सरकतात. फ्लड गन चालू असेल तर उलटं, कमी ऊर्जेकडेही जातात. दुरुस्तीसाठी पृष्ठभागावरच्या कार्बनची मुख्य रेषा २८४.८ ईव्हीला आणायचा प्रघात आहे. काही गट २८४.६ किंवा २८५.० धरतात. कोणताही धरा, पण एकदा धरलेला सगळ्या सॅम्पलना लावा आणि लिहा.

क्रम असा:

1. कार्बन १एसचा बॅकग्राउंड काढून त्याचं फिटिंग करा. सबंध टेकडीचा माथा वाचू नका. कार्बन–कार्बन घटकाची जागा वाचा. कार्बन–ऑक्सिजन जास्त असेल तर माथा उजवा-डावा होतो.
2. सरक = २८४.८ वजा मोजलेली जागा. मोजलेली २८६.१ असेल तर सरक उणे १.३.
3. ही एकच संख्या त्या सॅम्पलच्या सगळ्या स्कॅनमध्ये मिळवा. चिन्हासकट.

चिन्हाचं मी मुद्दाम लिहितो. माझ्या पहिल्या वर्षी मी उणेऐवजी अधिक सरकवलं, टायटॅनियम ४६१.२ ला आला, आणि मी दोन दिवस ‘नवीन रासायनिक अवस्था’ शोधत बसलो. सोबतच्या मुलीने एका मिनिटात चूक दाखवली.

तपासा: सरकवल्यावर टायटॅनियम २पी ३/२ सुमारे ४५८.६ ला आणि ऑक्साइडचा ऑक्सिजन सुमारे ५३०.० ला यायला हवा. याहून पक्की खूण म्हणजे त्या दोघांमधलं अंतर, सुमारे ७१.४ ईव्ही. प्रभाराने दोन्ही सारखेच सरकतात, म्हणून हे अंतर दुरुस्ती न करताही बरोबर असतं. अंतर बरोबर आणि जागा चुकलेली, तर तुमची सरक चुकली. अंतरच चुकलेलं, तर भानगड दुसरी आहे.

कार्बनचा हा आधार कुठे चालत नाही तेही बघा. सॅम्पलमध्येच ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब किंवा कार्बाइड असेल तर मुख्य रेषा बाहेरून चिकटलेल्या कार्बनची नसते. ग्राफाइटसारखा कार्बन २८४.४ च्या आसपास येतो, आणि तो २८४.८ ला ओढला की बाकी सगळं ०.४ ने चुकतं. पावडर कार्बन टेपवर पसरली असेल तर तुम्ही टेपचा कार्बन मोजत असाल. टेप आणि पावडर यांचा प्रभार एकसारखा असेलच असं नाही. शिवाय स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठातल्या ग्रेचिन्स्की आणि हल्टमन यांनी दाखवून दिलं आहे की बाहेरच्या कार्बनची जागा खालच्या पदार्थाच्या वर्क फंक्शनप्रमाणे एक ईव्हीहून जास्त बदलू शकते. तेव्हा ०.२ ईव्हीच्या सरकण्यावर सबंध प्रबंधाचं प्रकरण उभं करू नका. धातूसारखा वाहक सॅम्पल असेल तर फर्मी कडा (भरलेल्या ऊर्जापातळ्या जिथे संपतात ती पायरी) शून्यावर आहे का ते बघा आणि कार्बनला हात लावू नका.

सावध: कार्बन १एसची रेषा नेहमीपेक्षा बरीच रुंद किंवा दुहेरी दिसत असेल, तर पृष्ठभागाच्या वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळा प्रभार साठला आहे. अशा डेटाला एका संख्येने सरकवून काही होत नाही. मोजणी पुन्हा करून घ्या.

## टप्पा ४: बॅकग्राउंड

तीन पर्याय भेटतात: सरळ रेषा, शर्ली आणि टूगार्ड. सॉलिड पदार्थातून येताना काही इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतात, म्हणून प्रत्येक रेषेनंतर जास्त बंध ऊर्जेच्या बाजूला पायरी चढते. शर्ली ती पायरी रेषेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात चढवतो. रोजच्या कामाला तो पुरतो. पायरी जवळजवळ नसेल तर सरळ रेषा चालते. टूगार्डला रेषेच्या मागे बराच लांब पट्टा मोजलेला लागतो. तो तुमच्याकडे नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

कोणती पद्धत, यापेक्षा टोकं कुठे ठेवली याने निकाल जास्त बदलतो. टोकं सपाट भागावर हवीत. टायटॅनियम २पीसाठी साधारण ४५४ ते ४६८. दोन्ही रेषा एकाच बॅकग्राउंडखाली घ्या, ३/२ साठी वेगळा आणि १/२ साठी वेगळा असं नाही. टोकाला एकच बिंदू धरू नका, पाच-सात बिंदूंची सरासरी घ्या, नाहीतर एका बिंदूच्या गोंगाटावर सबंध पायरी वर-खाली होते. आणि त्याच मालिकेतल्या सगळ्या सॅम्पलना टोकं तीच ठेवा.

तपासा: बॅकग्राउंडची रेषा डेटाच्या वर कुठे जाते का? जात असेल तर टोक चुकलं. एक टोक ०.५ ईव्ही हलवून क्षेत्रफळ पुन्हा काढा. जेवढं बदललं तेवढी तुमची खरी अनिश्चितता, सॉफ्टवेअर दाखवतं ती नाही.

## टप्पा ५: प्रमाण काढा, फिटिंगच्या आधी

मूलद्रव्यांचं प्रमाण काढायला पीक फोडावे लागत नाहीत. बॅकग्राउंड वजा केलेलं एकूण क्षेत्रफळ पुरतं. हे आधी केलं तर फिटिंगला लगाम राहतो.

प्रत्येक क्षेत्रफळाला त्या रेषेच्या सेन्सिटिव्हिटी फॅक्टरने (ती रेषा मुळातच किती जोरात दिसते तो आकडा) भागायचं. स्कोफील्डच्या तक्त्यात, अॅल्युमिनियम स्रोतासाठी, कार्बन १एस १ धरला तर ऑक्सिजन १एस २.९३, नायट्रोजन १एस १.८०, सिलिकॉन २पी ०.८२ आणि टायटॅनियम २पी ७.९१ आहे. हे ७.९१ दोन्ही रेषांचं मिळून. फक्त ३/२ चं क्षेत्रफळ घेऊन ७.९१ ने भागणं ही इतकी नेहमीची चूक आहे की टायटॅनियम कमी आला की मी आधी तेच विचारतो. फक्त ३/२ घ्यायची तर ५.२२.

समजा, यंत्राच्या ट्रान्समिशनची (वेगवेगळ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन यंत्र किती प्रमाणात पोचू देतं त्याची) दुरुस्ती केलेली क्षेत्रफळं अशी आली: कार्बन ४,२००, ऑक्सिजन २४,६१२, टायटॅनियम २७,६८५. भागल्यावर ४,२००, ८,४०० आणि ३,५००. बेरीज १६,१००. म्हणजे कार्बन २६.१, ऑक्सिजन ५२.२, टायटॅनियम २१.७ अणू टक्के. ऑक्सिजन आणि टायटॅनियमचं गुणोत्तर २.४. हा आकडा लक्षात ठेवा.

सावध: एका तक्त्यातला फॅक्टर कार्बनला आणि दुसऱ्यातला ऑक्सिजनला लावू नका. काही तक्ते फ्लोरिनला १ धरतात, काही कार्बनला. सर्व्हे आणि नॅरो स्कॅनची क्षेत्रफळंही एकत्र करू नका, पास एनर्जी वेगळी असते. आणि टक्केवारी दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत छापू नका. ही पद्धत तेवढी अचूक नाही.

## टप्पा ६: आता फिटिंग

कासा-एक्सपीएस वापरा, फिटिक वापरा, किंवा पायथॉनमध्ये स्वतः लिहा. नियम तेच. चार पीक, प्रत्येकी जागा, रुंदी, उंची आणि आकार मोकळे सोडले तर सोळा मोकळी चलं होतात. सोळा चलांनी सह्याद्रीची कडासुद्धा फिट होईल. म्हणून बंधनं आधी घाला, मग बटण दाबा.

टायटॅनियम २पीची बंधनं:

1. दोन रेषांमधलं अंतर ५.७ ईव्ही.
2. क्षेत्रफळाचं गुणोत्तर २:१. पी साठी २:१, डी साठी ३:२, एफ साठी ४:३. हे क्षेत्रफळाचं आहे, उंचीचं नव्हे.
3. रुंदी सारखी ठेवू नका. टायटॅनियमची १/२ रेषा ३/२ पेक्षा स्वभावतःच बरीच रुंद असते. म्हणूनच उंची बघून ‘२:१ येत नाही’ म्हणत लोक मधेच आणखी एक पीक घुसवतात.

कार्बनमध्ये मात्र सगळ्या घटकांची रुंदी एकच ठेवा. जागा मुख्य रेषेपासून मोजा: कार्बन–ऑक्सिजन सुमारे १.५ ईव्ही वर, कार्बोनिल सुमारे ३, कार्बोक्झिल सुमारे ४. आकारासाठी गॉसियन–लॉरेंट्झियन मिश्रण, लॉरेंट्झियन ३० टक्के, ही ऑक्साइड आणि पॉलिमरसाठी बरी सुरुवात आहे. धातूंच्या रेषा एका बाजूला ओढलेल्या असतात. त्यांना सममित आकार लावला की शेपटी उरते आणि त्या शेपटीलाच कुणीतरी ‘ऑक्साइड’ म्हणतं.

मग कमीत कमी पीक घेऊन सुरुवात करा. मोजलेला डेटा वजा फिट, म्हणजे उरलेली शिल्लक, खाली आलेखात सतत दिसती ठेवा. शिल्लक शून्याभोवती विस्कळीत असेल तर थांबा. तिच्यात लाट दिसत असेल तरच पुढचं पीक, आणि तेही रसायनशास्त्रातून नाव सांगता येत असेल तर.

टायटॅनियम ३+ (नेहमीच्या ४+ ऐवजी ऑक्सिजन कमी पडल्यावरची अवस्था) हा सगळ्यांचा आवडता पाहुणा. त्याचा खांदा ४५७ च्या आसपास, मुख्य रेषेच्या उजवीकडे दिसतो. तो डोळ्यांना दिसत नसेल तर घालू नका. आणि आर्गनने पृष्ठभाग खरवडल्यावर तो दिसला तर तो तुम्हीच तयार केला आहे; आर्गनच्या माऱ्याने टायटॅनियम डायऑक्साइड क्षपित होतो.

सावध: लोह, कोबाल्ट, निकेल, मँगनीज यांत ‘एक ऑक्सिडेशन अवस्था म्हणजे एक पीक’ हा हिशेब चालत नाही. एकाच अवस्थेच्या अनेक रेषा आणि सॅटेलाइट (मुख्य रेषेसोबत येणाऱ्या जोडरेषा) असतात. सेरियमच्या ३डीमध्ये ४+ च्या सहा आणि ३+ च्या चार रेषा मोजाव्या लागतात. शुद्ध संदर्भ ऑक्साइडचा त्याच यंत्रावरचा डेटा नसेल तर टक्केवारी छापू नका.

तांब्याचं वेगळं. धातू आणि क्युप्रस ऑक्साइड (तांबं १+) दोघांची २पी ३/२ रेषा ९३२.५ च्या आसपास येते. कितीही फिट करा, वेगळी होत नाही. क्युप्रिक ऑक्साइडला (तांबं २+) ९४० ते ९४४ मध्ये ठळक सॅटेलाइट असतो, तो आधी बघा. तो नसेल तर ऑजे रेषेकडे जा: धातूची गतिज ऊर्जा सुमारे ९१८.६, क्युप्रसची सुमारे ९१६.८. दोन ईव्हीचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. २पीची बंध ऊर्जा आणि ऑजेची गतिज ऊर्जा यांची बेरीज केली तर प्रभाराची दुरुस्तीही आपोआप बाद होते: धातूला सुमारे १८५१.२, क्युप्रसला सुमारे १८४९.३.

## टप्पा ७: ऑक्सिजनचा ताळा

पेपरांमध्ये ऑक्सिजन १एसचं पीक ५३१.५ च्या जवळ फोडून त्याला ‘ऑक्सिजन रिक्तता’ असं नाव दिलेलं सर्रास दिसतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रिक्तता म्हणजे अणू नसणं. नसलेल्या अणूतून इलेक्ट्रॉन निघत नाही. त्या जागेवर हायड्रॉक्सिल, कार्बोनेट, कार्बनला जोडलेला ऑक्सिजन आणि चिकटलेलं पाणी येतं.

आपल्या उदाहरणात ऑक्सिजनचा ८४ टक्के भाग ५३०.० ला आणि १६ टक्के ५३१.७ ला आला असं धरा. ऑक्साइडचा ऑक्सिजन ८,४०० च्या ८४ टक्के म्हणजे ७,०५६. भागिले ३,५००, उत्तर २.०२. पाचव्या टप्प्यातलं २.४ इथे उलगडलं: ऑक्साइड सूत्राप्रमाणेच आहे, जादाचा ऑक्सिजन दुसरा कुणाचा तरी आहे.

कुणाचा? कार्बनला विचारा. कार्बनच्या ४,२०० पैकी १५ टक्के कार्बन–ऑक्सिजन असेल तर ६३० ऑक्सिजन तिथे गेले. ८ टक्के कार्बोक्झिल, म्हणजे ३३६ कार्बन, प्रत्येकी दोन ऑक्सिजन धरून ६७२. एकूण १,३०२. आणि दुसऱ्या पीकमध्ये होते १,३४४. म्हणजे ते सबंध पीक वर बसलेल्या सेंद्रिय घाणीनेच जवळजवळ भरून निघालं. रिक्ततेच्या नावाने ज्यावर तीन परिच्छेद लिहायचे होते, ते हवेतून आलं होतं.

दुसऱ्या टप्प्यात सिलिकॉन दिसला असेल तर त्याचाही वाटा काढा. काचेचा ऑक्सिजन ५३२.५ च्या पुढे येतो आणि एका सिलिकॉनमागे किमान दोन ऑक्सिजन घेऊन येतो.

तपासा: ताळा जुळत नसेल तर फिटिंगकडे परत जाऊ नका. आधी बॅकग्राउंडची टोकं, मग फॅक्टर, मग ट्रान्समिशन दुरुस्ती. या क्रमाने.

नायट्रोजन मिसळणाऱ्यांसाठी हेच थोडक्यात: ४०० च्या आसपासचा नायट्रोजन बाहेरून चिकटलेला असू शकतो. टायटॅनियमला जोडलेला नायट्रोजन ३९६–३९७ ला येतो. फक्त ४०० ला पीक असेल तर ‘जाळीत नायट्रोजन शिरला’ असं नुसत्या या डेटावरून लिहू नका.

## टप्पा ८: आलेख

बंध ऊर्जा डावीकडून उजवीकडे कमी होत जाते. ओरिजिन या आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षाच्या ‘पासून’ रकान्यात मोठा आकडा लिहिला की झालं.

मोजलेला डेटा बिंदूंनी दाखवा, रेषेने नव्हे. ओरिजिनमध्ये बिंदू जोडायला स्प्लाइन निवडण्याची सोय आहे, ती बंद ठेवा. तो छुप्या वाटेने केलेला स्मूदिंगच आहे. त्यावर एकूण फिट एका रेषेत, घटक पातळ रेषांत, बॅकग्राउंड दिसता. खाली वेगळ्या पट्टीत शिल्लक. बॅकग्राउंड वजा करून फक्त रंगीत डोंगर दाखवणाऱ्या आकृतीवर परीक्षकाने विश्वास का ठेवावा?

एका घटकाचा रंग सगळ्या आकृत्यांत तोच ठेवा. प्रबंध काळ्या-पांढऱ्यात छापला जातो, म्हणून तुटक आणि ठिपक्यांच्या रेषाही वापरा. अनेक सॅम्पल एकावर एक रचताना प्रत्येकाची उंची वेगळ्या मापाने ताणली असेल तर तसं लिहा. न सांगता ताणलेल्या आलेखात ४ टक्क्यांचा आणि ४० टक्क्यांचा नायट्रोजन सारखाच दिसतो. एकाच मालिकेचा आडवा अक्ष अगदी तोच हवा, नाहीतर ०.३ ईव्हीचं सरकणं डोळ्यांना खोटं दिसतं.

आर्गनने पृष्ठभाग खरवडत खोली मोजली असेल तर आडव्या अक्षावर सेकंद लिहा. तुमच्याच पदार्थासाठी वेग मोजला असल्याशिवाय नॅनोमीटर लिहू नका.

## टप्पा ९: आकृतीखाली काय लिहायचं

स्रोत, पास एनर्जी, स्टेप, फ्लड गन. कार्बन कुठे मोजला, कुठे आणला, सरक किती. बॅकग्राउंड कोणता, टोकं कुठे. आकार, रुंदी, अंतर आणि गुणोत्तरावरची बंधनं. फॅक्टर कोणत्या तक्त्यातले. सगळं चार-पाच ओळींत मावतं.

पेपर पाठवण्याआधी मूळ फाइल आणि ह्या चार ओळी शेजारच्या टेबलावरच्या मुलाला द्या. त्याला टायटॅनियम २पी ३/२ ची जागा ०.१ ईव्हीच्या आत आणि प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आत मिळालं, तर पाठवा. नाही मिळालं, तर त्याने जिथे थांबून प्रश्न विचारला तीच ओळ तुमच्या आकृतीखाली राहून गेली आहे.